वजन, छाती आणि घरातील मुले

सन शहात्तरच्या जुलैत चिखलबोडीच्या हायस्कुलात शिक्षकांची सभा भरली. त्या सभेत वासुदेव निंबार्ते सर उभे राहिले आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात तपासणीला साहेब येतील, तेव्हा शाळेची दोनशे चौदा पोरं मी एका शिट्टीवर कवायत करताना दाखवीन. एकाचाही हात मागंपुढं झाला तर मला विचारा."

हेडमास्तर लक्ष्मणराव ठवकरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "निंबार्ते, दोनशे चौदा कायले? चाळीस दाखवा. साहेब चाळिसावरही खूश होतात."

"दोनशे चौदा," सर म्हणाले आणि खाली बसले. बसल्याबरोबर त्यांना आपला आकडा जरा मोठा वाटला. पण बोललेलं बोलून झालं होतं.

एवढी छाती काढण्याला कारण होतं. अमरावतीहून व्यायामाचं शिक्षण घेऊन आलेल्या निंबार्ते सरांचं या शाळेतलं हे तिसरं वर्ष, आणि तिन्ही वर्षं नोकरी हंगामी. तपासणीचा शेरा बरा आला तर कायम होणार होते. तिकडे भंडाऱ्यात एका मुलीचे वडील 'कायम झाल्यावर बघू' म्हणून दीड वर्ष वाट बघत होते, आणि आता त्यांची नजर तलाठ्याच्या एका मुलाकडे वळू लागल्याची खबर होती.

अडचण एकच होती. चिखलबोडीच्या पोरांना खेळाचा तास विषासारखा वाटायचा.

शेवटचा तास खेळाचा. घंटा झाली की नववीच्या त्रेचाळीस पोरांपैकी मैदानावर अकरा यायची. उरलेली व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायची, पावसात भिजलेल्या कोंबड्यांसारखी. सर एकेकाला विचारत जायचे. पहिल्याचं पोट दुखायचं. दुसऱ्याचं पोट दुखायचं. तिसऱ्यापर्यंत सर पोचले की त्याचा हात आपोआप पोटावर गेलेला असायचा. गावातल्या गोमाजी हटवारांच्या मधल्याची आजी एका वर्षात तीनदा वारली. तिसऱ्या तेरवीच्या आदल्या दिवशी सरांनी अड्याळच्या बाजारात त्याच आजीकडून पावशेर मुरमुरे घेतले होते, आणि म्हातारीनं वर मूठभर घातलेही होते.

पार्वता गभणे नावाची एक मुलगी मात्र कधी नवीन कारण शोधायची नाही. काटक, काळीसावळी, दोन घट्ट वेण्या. ती रोज एकच सांगायची.

"सर, पाय दुखते."

"कालही पायच दुखत होता."

"काल बी दुखे सर. रोजच दुखते."

निदान खोटं तरी जरा मेहनतीनं बोलावं, असं सरांना वाटायचं. एवढी आळशी पिढी त्यांनी पाहिली नव्हती. रात्री खाटेवर पडल्यावर त्यांना दोनशे चौदा हात वर गेलेले दिसायचे, आणि मग ते एकेक करून पोटावर यायचे.

शेवटी सरांनी शिक्षणाच्या काळातलं जुनं पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं, की मुलांना व्यायाम का आवडत नाही हे आधी शास्त्रीय पद्धतीनं जाणून घ्यावं. सोबत प्रश्नांचा नमुनाही होता. सरांनी तो जसाच्या तसा फळ्यावर उतरवला आणि सगळ्या वर्गांना वहीच्या कागदावर लिहून घ्यायला लावला. नाव, वय, उंची, वजन, छातीचं माप. खेळाचा तास आवडतो का? रोज कोणता व्यायाम करता? घरात एकूण मुले किती? आणि खाली पालकाची सही किंवा अंगठा.

घरातली मुलं कशासाठी, तर मुलाला घरी खेळायला सोबती आहे की नाही हे कळावं म्हणून. पुस्तकात तसं साफ दिलं होतं. पण पुस्तक सरांपाशी होतं, गावापाशी नव्हतं.

आणि ते वर्ष कोणतं होतं, हे सर विसरले. त्या वर्षी सरकारी नसबंदीच्या ऑपरेशनाची धामधूम होती. ज्याला दोनहून जास्त लेकरं, त्या बापाला जीपमध्ये बसवून दवाखान्यात नेत, आणि तसे बाप शोधून आणायचं काम मास्तरांच्या गळ्यात घातलेलं. निंबार्ते सरांच्या वाट्याला दोन माणसं आली होती. त्यांनी एकही आणला नव्हता. स्वतःचं लग्न झालेलं नसताना पाच लेकरांच्या बापाला असलं काही विचारायची त्यांना लाज वाटायची.

बुधवारी त्यांनी सोसायटीच्या गोदामातून धान मोजायचा काटा आणला, शिंप्याकडून टेप आणला, आणि पोरांना एकेक करून काट्यावर उभं केलं. जी पोरं दोन वर्षांत त्यांच्यासमोर कधी वाकली नव्हती, ती आता मुकाट्यानं छाती मोजू देत होती. सरांना वाटलं, शास्त्राचा गुण येऊन राहिला.

शनिवारी सगळे कागद परत आले. एकही राहिला नाही. सर हरखून गेले. पण कागद वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरत गेला. खेळाचा तास आवडतो का? दोनशे चौदा पोरांनी लिहिलं होतं, 'होय, फार.' रोज कोणता व्यायाम करता? दोनशे चौदा जणांनी लिहिलं होतं, 'काही नाही, अशक्तपणा आहे.' घरात एकूण मुले किती? 'एक.' पुढच्या कागदावर एक. त्याच्या पुढच्यावर एक. गोमाजी हटवारांची तीन पोरं शाळेत होती, आठवीत, नववीत आणि दहावीत, आणि तिघंही आईबापाला एकुलती एक होती. तिन्ही कागदांवर अंगठा मात्र गोमाजींचाच.

सर कागदांचा गठ्ठा घेऊन हेडमास्तरांकडे गेले. "सर, या पोरांना मोजताच येत नाही. गणिताचं काय शिकवतो आपण?"

ठवकरांनी चार-पाच कागद चाळले. त्यांचा रंग उडाला. "निंबार्ते, हा घरातल्या पोरांचा प्रश्न कोणी टाकायला सांगतला तुमाले?"

"पुस्तकात होता."

"आन अंगठा?"

"तोही पुस्तकातच होता."

ठवकरांनी कागदांचा गठ्ठा कपाटात घालून कुलूप लावलं. मग एवढंच म्हणाले, "घरी जा. आन आता गप राहा."

घरी, म्हणजे गिरजाबाईंच्या ओसरीवरच्या खोलीत. गिरजाबाई एकट्या विधवा बाई, सरांना तीन वर्षं पोटच्या पोरासारखं जेवू घालत होत्या. त्या दिवशी ताट चुलीपाशी नव्हतं, ओसरीच्या कडेला ठेवलेलं होतं. भाजीत मीठ नव्हतं.

"मास्तर," त्या दारातूनच म्हणाल्या, "तुमी असे असान असं मले वाटलं नव्हतं. मोठ्या मानसायचं एक समजते. पण लेकरायचं काहून?"

"काय लेकरांचं?"

"वजन कायले करून राहिले? छाती कायले मोजून राहिले? दवाखान्यात असंच करते आधी. माह्या मोठ्या दिराचं असंच केलं होतं, वजन आन छाती. दोन दिवसानं जीप आली."

तेव्हा कुठं सरांच्या डोक्यात उजेड पडला. हातातला घास ताटात ठेवून ते तसेच उठले. गैरसमज पसरायच्या आत मिटवला पाहिजे म्हणून थेट गोमाजी हटवारांच्या दारात जाऊन उभे राहिले. गोमाजी बैलाला चारा टाकत होते. सरांना पाहिल्यावर त्यांनी आधी घराचं दार लोटून घेतलं.

"गोमाजी, ते ऑपरेशनाचं काही नाही. तुमच्या पोरांना काही करायचं नाही. नुसतं मोजमाप होतं."

"आधी मोजमापच करते गुर्जी."

"अहो, ते व्यायामासाठी. साहेब येणार आहेत ना, त्यांना दाखवायला."

"साहेब बी येऊन राहिला?"

"हो. वीस तारखेला."

"जीपनं?"

"जीपनंच येतील. बैलबंडीनं थोडेच येतील?"

गोमाजींनी मान हलवली आणि चारा टाकायचं थांबवलं. संध्याकाळपर्यंत तारखेसकट बातमी आजूबाजूच्या चार गावांत पोचली.

सोमवारी शाळेत बत्तीस पोरं होती. मंगळवारी एकोणीस. ठवकरांनी दवंडी दिली, की वीस तारखेला जो हजर नसेल त्याचं नाव कापलं जाईल. त्यांच्या मनात पटावरचं नाव होतं. पण त्या दिवसांत 'कापलं' हा शब्द गावात कुणी साध्या अर्थानं घेत नव्हतं.

हजर असलेल्या एकोणीस पोरांपुढं सर उभे राहिले. त्यांना धीर द्यावा, म्हणजे ती बाकीच्यांना सांगतील, असा त्यांचा विचार. "घाबरायचं काही कारण नाही," ते म्हणाले. "साहेबांची जीप आली की तुम्ही फक्त रांगेत उभं राहायचं. मी शिट्टी वाजवीन. दोन मिनिटांचं काम. काही दुखत नाही. झालं की प्रत्येकाला गूळ-फुटाणे मिळतील."

दवाखान्यातही झाल्यावर काहीबाही देत, हे पोरांना ठाऊक होतं. पहिल्या बाकावरच्या दोघांनी एकमेकांचे हात धरले.

वीस ऑगस्टला मात्र चमत्कार झाला. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा पोरं आली. वर्ष वाया जायची भीती मोठी होती. दप्तर कुणीही आणलं नव्हतं, आणि मोठ्या पोरांनी सदरे चड्डीत घट्ट खोचले होते. कवायतीसाठी हलकी होऊन आली, असं सरांना वाटलं. मैदानावर रांगा लागल्या. इतक्या सरळ रांगा त्यांनी अमरावतीतही पाहिल्या नव्हत्या. कुणी बोलत नव्हतं, कुणाचं पोट दुखत नव्हतं. सगळ्यांची नजर रस्त्याकडं होती.

जीप आली. साहेब उतरले. त्यांना पोटाचा त्रास होता म्हणून ते घरचा डबा पांढऱ्या पिशवीत घालून सोबत बाळगत. दवाखान्यातल्या डॉक्टरासारखी ती पिशवी हातात घेऊन ते मैदानाकडे चालू लागले. सरांनी छाती फुगवली आणि शिट्टी वाजवली.

आणि मैदान रिकामं झालं.

पहिल्यांदा काय झालं तेच सरांना कळलं नाही. डोळ्यांची पापणी लवावी तेवढ्यात रांगा फुटल्या. पोरं कंपाउंडावरून पलीकडं गेली. ज्या पोरांना सर वर्षभर दोन फुटांच्या दोरीवरून उडी मारायला सांगत होते, ती चार फुटांची भिंत हात न लावता ओलांडत होती. पुढं पाण्यानं भरलेला पाट होता, चांगला बारा फूट रुंद. आठवीची पोरं तो उडत पार करून धुऱ्याधुऱ्यानं धावत सुटली. धुरा म्हणजे धानाच्या दोन बांध्यांमधली, खाचरांमधली, वीतभर मातीची वाट. पावसानं ती साबणासारखी झालेली, पण एकही पोर घसरलं नाही. काही तळ्यात शिरली आणि सरळ पोहत पलीकडच्या पाळीवर निघाली.

"थांबा," सर ओरडले. पोरं थांबेनात म्हणून ते शिट्ट्या वाजवत मागं धावले. प्रत्येक शिट्टीला पोरांचा वेग वाढत होता.

सगळ्यांच्या पुढं दोन वेण्या उडत होत्या. पार्वता. शिट्टीबरोबर सरांच्या अंगठ्यानं सवयीनं हातातलं शर्यतीचं घड्याळ चालू केलं होतं, आणि तळ्याच्या पाळीवर ती चढली तेव्हा तो पुन्हा दाबलाही गेला. अर्धा मैल, चिखलातून, अनवाणी. सरांनी धावता धावता काटा बघितला. गेल्या साली जिल्ह्यात पहिली आलेल्या मुलीहून ही सात सेकंदांनी आधी पोचली होती, आणि तेही निम्मी-अधिक वाट शाळेतल्याच धाकट्या भावाला खांद्यावर घेऊन.

काटा बघण्याच्या नादात सरांचा पाय धुऱ्यावरून सुटला. तोंडघशी ते बांधीत पडले, गुडघ्याएवढ्या गाळात. उठायला गेले तर एक पाय वर आला आणि दुसरा आणखी खाली गेला.

बांधीत रोवणी चालू होती. पाच-सहा बाया वाकून धानाची रोपं लावत होत्या. त्यातली एक पुढं आली, सरांचा हात धरला आणि एका झटक्यात त्यांना बाहेर काढून धुऱ्यावर बसवलं. ती निर्मलाबाई गभणे, पार्वताची आई, त्या दिवशी शाळेजवळच्या बांधीत मजुरीला आलेली.

"गुर्जी," ती शांतपणे म्हणाली, "कायले धावून राहिले पोट्ट्यायच्या मांगं? आमी कागदावर एकच लिवलं ना?"

सरांना रडू आलं. गाळानं भरलेल्या तोंडानं त्यांनी सगळं सांगितलं. ऑपरेशन नाही, काही नाही. पोरांनी जरा हातपाय हलवावे, एवढंच त्यांना हवं होतं. पोरांना व्यायामाची आवडच नाही, सगळी बसून राहतात, आणि त्यात त्यांची नोकरी जाणार.

निर्मलाबाई कमरेवर हात ठेवून ऐकत होती. बाकीच्या बायाही उभ्या राहिल्या.

"माही पोरगी चार वाजता उठते," ती म्हणाली. "विहिरीवरून बारा गुंड भरून पानी आनते. शेण काढते, गोठा झाडते. मंग दोन कोस चालत तुमच्या शाळेत येते. शाळा सुटली का दोन कोस वापस. मंग अंधार पडेपर्यंत माह्यासंगं रोवणी. रात्री पाय दाबून मांगते मले. आन तुमी शेवटच्या तासाले तिले म्हनता, हात वर कर, हात खाली कर." ती थोडं थांबली. "कायले वर करावं गुर्जी? वर काय हाय?"

सरांच्या परीक्षेत हात वर करण्याचे फायदे या प्रश्नाला आठ गुण होते, आणि सरांना आठही मिळाले होते. आता त्यातला एकही फायदा त्यांना आठवेना. पार्वतानं वर्षभर सांगितलं होतं की पाय दुखतो, आणि तो खरोखरच दुखत होता. हे एकच वाक्य त्यांच्या डोक्यात पुन्हा पुन्हा फिरत राहिलं.

"बाई, पोरगी फार चांगली धावते," ते शेवटी म्हणाले. "जिल्ह्याला नेऊ का तिला? पहिली येईल."

"कवा?"

"पुढच्या महिन्यात."

"तवा निंदन असते," निर्मलाबाई म्हणाली आणि पुन्हा वाकली.

इकडं शाळेत साहेब कंपाउंडापाशी उभे राहून सगळं बघत होते. पंचवीस वर्षांच्या नोकरीत असली तपासणी त्यांनी केली नव्हती. "ही मुलं रोज अशी धावतात?" त्यांनी विचारलं.

ठवकरांनी मनाशी हिशेब केला. खरं सांगावं तर सगळ्यांचीच नोकरी जायची. "रोज धावतात साहेब."

"कोण शिकवतं यांना?"

या गोंधळाचं खापर निंबार्तेंच्या डोक्यावर फुटू नये म्हणून ठवकरांनी हात जोडले. "कोणीच नाही साहेब. पोरं आपल्या आपण धावतात. निंबार्ते सरांचा त्यात काहीच हात नाही."

साहेबांनी ते वहीत टिपून घेतलं.

महिन्याभरानं शेरा आला. ठवकरांनी तो सरांना वाचून दाखवला नाही, नुसता पुढं सरकवला. 'विद्यार्थ्यांची धावण्याची व उडी मारण्याची क्षमता असाधारण असून ती कोणाच्याही मार्गदर्शनावाचून आलेली आहे. सबब या शाळेस शारीरिक शिक्षणासाठी स्वतंत्र शिक्षकाची गरज दिसत नाही.'

"मी तुमाले वाचवत होतो," ठवकर म्हणाले.

"मला ठाऊक आहे सर," निंबार्ते सर म्हणाले. ते खरंच होतं, त्यामुळे कुणावर रागावताही येईना.

त्याच आठवड्यात भंडाऱ्याहून पत्र आलं. मुलीचं तलाठ्याच्या मुलाशी जमलं होतं. मुहूर्तावर येण्याचा आग्रह केला होता.

सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी सरांनी ट्रंक भरली. गिरजाबाईंनी भाकरी बांधून दिली. त्यांचा राग कधीच गेला होता, पण चेहऱ्यावर ओशाळलेपण होतं. सर फाट्यावर पोचायला आणि भंडाऱ्याची गाडी सुटायला एक गाठ पडली. त्यांनी ट्रंक उचलली आणि धावायला लागले. पन्नास पावलांत त्यांच्या छातीत कळ आली. शंभर पावलांवर ट्रंक खाली ठेवून ते गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले. डोळ्यांपुढं काजवे चमकत होते.

शाळेकडे निघालेल्या पोरांच्या घोळक्यातून कुणीतरी सुटलं. पार्वता. तिनं दप्तर सरांच्या ट्रंकेवर टाकलं आणि गाडीमागं निघाली. धूळ उडत होती, त्यात ती दिसेनाशी झाली. मग दूर वळणावर गाडी थांबलेली दिसली. ती दाराच्या दांडीला धरून उभी होती आणि दुसऱ्या हातानं सरांना बोलावत होती.

सर पोचेपर्यंत गाडी पाच मिनिटं खोळंबली. पार्वतानं ट्रंक आत चढवून दिली.

"पाय दुखतो का ग?" सरांनी विचारलं.

"दुखते ना सर," ती म्हणाली, दप्तर घेतलं आणि शाळेकडं चालू लागली.

सर सीटवर कोसळले. श्वास भात्यासारखा चालला होता. तिकीट फाडता फाडता कंडक्टरनं त्यांच्याकडं खालीवर बघितलं.

"काय गुर्जी, शंभर पावलं धावले तर हे हाल. रोज थोडा व्यायाम करत जा. या वयात चांगलं नाही हे."

सरांनी मान हलवली.

"मास्तरच ना तुमी? कोणता विषय शिकवता?"

सर खिडकीबाहेर बघत राहिले. धानाच्या बांध्यांत बाया निंदायला वाकल्या होत्या.

"भूगोल," ते म्हणाले.